एक दांडी नेटवर्क आणि तेजूची आई

माझ्या दुकानात एक पाटी होती. 'व्हिडिओ कमी बघा, बॅटरी वाचवा.' लाल अक्षरं आणि खाली माझी सही. सही कशाला, असं बायकोनं तेव्हाच विचारलं होतं. पण हे शहाणपण कुणाचं आहे ते लोकांना कळायला नको का! चार वर्षं ती पाटी काउंटरच्या वर झळकत होती, आणि मागच्या साली एका शुक्रवारी मीच स्टुलावर चढून ती उतरवली. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "अण्णा, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." दुकान कधी टाकलं, कसं वाढवलं, असं लिहायला बसलो. दोन पानं लिहिली आणि फाडली. दुकान वाढलेलंच नाही तर लिहिणार काय? मग म्हटलं, पाटीचंच लिहावं.

मी बसवराज. सगळे बसूअण्णा म्हणतात. येरमाळ्यात हायवेच्या कडेला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, एका बाजूला चहाची टपरी आणि दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. मूळचा मी उमरग्याकडचा. घरात कानडी बोलतो, दुकानात मराठी, आणि धंदा शिकलो तो दखनीत. नळदुर्गला खलीलचाचा म्हणून माझे उस्ताद होते, रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. त्यांनी पहिल्या दिवशी पेचकस हातात दिला नाही. म्हणाले, "पैले सुन, फिर खोल." गिऱ्हाईक काय सांगतंय ते आधी ऐक, मग वस्तू उघड. सहा महिने मी नुसता ऐकत बसलो होतो. पुढं रेडिओ गेले, टेप गेले, मोबाईल आले, पण चाचांचं ते वाक्य मी दहा जणांना ऐकवलं असेल. ऐकवण्यात मी पक्का आहे. ऐकण्याचं पुढं येईलच.

आमच्या धंद्यात बॅटरीच्या तक्रारीवर निम्मं दुकान चालतं. आणि माणसं काय काय करतात, विचारू नका. एक किराणावाले शेठ फोन तापतो म्हणून रोज दुपारी तो फ्रीजमध्ये ठेवायचे, कोथिंबिरीशेजारी. आत पाणी सुटलं आणि फोन बसला, तर मलाच म्हणाले, "अण्णा, चांगला गार ठेवला होता की हो!" एक पाटील आले, म्हणाले, "बॅटरी बदला, पण नंबर त्योच राहू द्या." एक ट्रॅक्टरवाला भजनाचा व्हिडिओ लावून फोन खिशात टाकायचा. नुसतं ऐकायचा. आतमध्ये पडदा चालू, चित्र चालू, आणि बघतंय कोण, तर शर्टाचा खिसा. त्याला सांगितलं, बाबा, नुसतं गाणं लाव, चित्र कशाला? तर म्हणाला, "पैशे चित्राचेबी भरलेत की."

आणि आमच्या गावदेवीच्या, येडाईच्या यात्रेत तर कहर. चैत्री पुनवेला हजारो माणसं येणार, पालखीमागं चुनखडी वेचायला चुन्याच्या रानात जाणार, आणि प्रत्येकाला ते सगळं घरच्यांना थेट दाखवायचं असतं. टॉवर एक, फोन हजारो. चित्र पुढं सरकत नाही, फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि बारा वाजेपर्यंत निम्मी जनता चार्जर हुडकत माझ्या दारात. त्यातल्याच एका यात्रेत वैतागून मी ती पाटी रंगवली.

हे असं का होतं, ते दोन ओळीत सांगतो. फोन नुसता ऐकत नाही, तो टॉवरशी बोलतो. टॉवर जवळ असला तर हळू बोलून भागतं. लांब असला, मध्ये डोंगर असला, तर ओरडावं लागतं, आणि ओरडायला ताकद लागते. वर नेटवर्क एक दांडी असलं की मिनिटाचं काम पाच मिनिटं चालतं, म्हणजे ओरडणंही पाच मिनिटं. त्यात व्हिडिओ एकदम येत नाही, तुकड्या तुकड्यानं येतो. एक तुकडा आला की फोन लगेच झोपत नाही, अजून काही येतंय का म्हणून थोडा वेळ जागा राहतो. आमच्या फाट्यावरच्या जीपवाल्यासारखं. पॅसेंजर येईल येईल म्हणून गाडी उभ्या जागी चालू ठेवायची आणि डिझेल जाळायचं. एवढं कळलं की मोबाईलच्या बॅटरीचं निम्मं कोडं सुटलं. मला हे सगळं ठाऊक होतं बरं का. ठाऊक असून मी जे केलं ते आता सांगतो.

गयाबाई म्हणून एक म्हातारी आहे. येरमाळ्यापासून आत, डोंगराच्या पोटात तिची वस्ती. घर एक, विहीर एक, दोन म्हशी आणि पाच-सहा शेळ्या. मुलगा दत्ता उसाच्या हंगामात ढोकीला ट्रॅक्टरवर असतो, तेव्हा वस्तीवर सासू आणि सून दोघीच. सून सुरेखा जन्मापासून ऐकू न येणारी, बोलताही येत नाही. सासू तिच्या वाट्याचंही बोलते. दोघी पहिल्यांदा आल्या त्या पोळ्यानंतर कधीतरी.

"अण्णा, ह्या मोबाईलाला काय झालंय बघा. सकाळी गिरणीतनं भरून आणला की दुपारला मरतोय."

वस्तीवर घरातली लाईट नाही, विहिरीवरची शेतीची लाईन, ती येईल तेव्हा येईल. म्हणून फोन गावातल्या पिठाच्या गिरणीत चार्जिंगला ठेवायचा, दिवसाआड. म्हणजे एकदा भरलेली बॅटरी दोन दिवस पुरायला पाहिजे.

म्हातारी बोलत होती तेवढ्यात सुरेखा पुढं झाली. तिनं फोन उचलून आपल्या गालाला लावला, मग हाताचा पालथा पंजा कपाळावर ठेवला, ताप बघतात तसा. मग बोट वर केलं, लांब कुठंतरी दाखवलं, पुन्हा फोन गालाला लावला आणि मान हलवली, नाही. सगळं तिनं दोनदा केलं, सावकाश, मला कळावं म्हणून.

मी हसून मान डोलावली आणि फोन उघडला. जुनी बॅटरी काढून भंगाराच्या डब्यात टाकली, नवी घातली. जावा म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्या परत. तीच तक्रार. मी नवी बॅटरी काढून दुसरी नवी घातली. नवरात्राचे घट बसले आणि त्या पुन्हा दारात. आता मात्र माझं डोकं फिरलं. कारागिराला एक मोठा रोग असतो. दोनदा दुरुस्त केलेली वस्तू तिसऱ्यांदा आली की दोष वस्तूत नसतोच, तो गिऱ्हाईकात असतो. मी फोनमध्ये कुठल्या कामाला किती बॅटरी गेली त्याची यादी उघडली. सगळ्यात वर व्हिडिओ. दिवसाचे तीन-तीन, चार-चार तास.

"मावशी," मी म्हटलं, "हे बघा. बॅटरीला काही झालेलं नाही. तुमची सून दिवसभर व्हिडिओ बघत बसते."

"व्हय की! त्येच म्या म्हनते. तेच तेच, तेच तेच. मोबाईलात त्वांड घालून बसती."

मी बोट वर करून पाटी दाखवली. म्हातारीला वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवली, सहीसकट. मग सुरेखाकडं वळून मी डोळ्यांपुढं हात धरला, बघण्याची खूण केली, आणि बोट हलवलं, बंद. शेजारचा पंक्चरवाला बघत होता. टपरीवरचे दोघं हसले. ती पोरगी लाजेनं लाल झाली. तिनं काहीतरी सांगायला हात उचलले, मग सगळ्यांकडं बघून ते खाली घेतले आणि पदराखाली लपवले. ते हात खाली जाताना मी पाहिले होते.

त्यानंतर दोन आठवडे त्या आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, बघा, पाटीनं काम केलं.

मग एका गुरुवारी सुरेखा तावातावानं दुकानात शिरली आणि फोन काउंटरवर आपटला. तिच्या मागनं गयाबाई धापा टाकत आली, पण चेहरा कसा, लेकाचं लग्न ठरल्यासारखा खुललेला.

"अण्णा, चालू करून बघा! बघा की! येक टिपका उतरली न्हाय बॅटरी!"

मी चालू केला. बॅटरी काठोकाठ भरलेली.

"काय केलं मावशी?"

"काय करायचंय? तुमी सांगितलं त्येच केलं. मोबाईल बंद केला आन् ज्वारीच्या कनगीत घातला. हिनं घर उलथंपालथं केलं, म्या काय सांगितलं न्हाय. आज हिला घावला कनगीत. पन दोन आठवडं जशीच्या तशी हाय बगा. तुमच्या त्या पाटीचा लई गुन!"

मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन थरथरायला लागला. दोन आठवड्यांचे मेसेज एकदम यायला लागले. एकामागं एक, थांबेचनात. सुरेखानं तो माझ्या हातातून ओढून घेतला, पडद्यावर बोट फिरवलं, आणि एक व्हिडिओ लावून माझ्या नाकापुढं धरला.

आठ वर्षांची एक पोरगी. दोन वेण्या, निळी रिबन. मागं लोखंडी पलंग. ती हातानं बोलत होती, भराभरा, मध्येच डोळे पुसत होती.

"ही कोण?"

"तेजू, आमची नात," गयाबाई म्हणाली. "तिलाबी आईसारखंच, ऐकू येत न्हाय. धाराशिवला अशा पोरांची शाळा हाय, तितं ऱ्हाती. जूनपासनं घातलीया."

मग सगळं हळूहळू कळलं. काही गयाबाईकडनं, काही मी मेसेज वाचून. वसतिगृहाच्या काकू रोज संध्याकाळी प्रत्येक पोराचा छोटा व्हिडिओ काढून शाळेच्या पानावर टाकायच्या. सुरेखा तो बघायची, आणि आपला व्हिडिओ काढून काकूंच्या फोनवर पाठवायची. तेजू जेवायला बसली की तिला आई दिसायची, मग ती जेवायची. असा तिचा नेम होता. आणि ती पोरगी शाळेत खऱ्या खुणांची भाषा शिकत होती, जी सुरेखाला कधी कुणी शिकवली नव्हती. रोज एक-दोन नव्या खुणा ती आईला दाखवायची. तीस वर्षांची आई, वस्तीवर शेळ्यांमागं उभी राहून, आठ वर्षांच्या लेकीकडनं भाषा शिकत होती. एक व्हिडिओ वीस-वीस वेळा लावून. हात बसेपर्यंत.

त्याला मी म्हणालो होतो, दिवसभर व्हिडिओ बघत बसते.

शेवटचा मेसेज बुधवारचा होता. मी तो दोनदा वाचला. 'तेजस्विनी चार दिवस नीट जेवत नाही. काल पिशवी घेऊन फाटकाजवळ सापडली. तुमचा फोन बंद लागतो. रविवारपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही तर कृपया येऊन तिला घेऊन जा, पुढच्या वर्षी पुन्हा बघू.'

गयाबाईला मी वाचून दाखवलं. म्हातारीचा चेहरा पडला. ती स्टुलावर बसली. "आगं माझ्या माय," एवढंच म्हणाली. सुरेखा माझ्याकडं बघत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आमची तोंडं वाचता येत होती. मी फाटकाची खूण केली, पिशवीची केली, इकडं घेऊन या अशी केली. तिला कळलं. तिनं मान हलवली, नाही, नाही, आणि दोन्ही हातांनी पुस्तक उघडल्यासारखं केलं. पोरगी शाळेत राहिली पाहिजे. एकदा घरी आणलेलं पोर पुढच्या वर्षी परत जातं असं काही नसतं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण तिला स्वतःला कुणी कधी पाठवलंच नव्हतं.

मी काकूंना लगेच फोन लावला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्या भल्या बाई. म्हणाल्या, "आईचा व्हिडिओ तेवढा रोज येऊ द्या. रविवारी दहा वाजता समोरासमोर बोलू द्या दोघींना. पण मध्येच बंद पडलं तर पोर आणखी बिथरेल, ते बघा."

ढोकीला दत्तालाही फोन लावला. तो म्हणाला, "मी रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. जमलं तर ठीक, नाहीतर पोरीला आणायला जातो."

शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडलं, पाटी उतरवली, दुकान बंद केलं आणि मोटारसायकल घेऊन वस्तीवर गेलो. सोबत भंगाराच्या डब्यातली तिची पहिली बॅटरी घेतली होती. आदल्या दिवशी यंत्रावर लावून बघितली, तर ती ठणठणीत. म्हणजे सुरुवातीपासून बॅटरीला काहीच झालं नव्हतं. दोन नव्या घालणारा मी! ती जुनीच परत बसवली.

वस्तीवर पोचलो आणि फोन बघितला. नेटवर्क एक दांडी, तीही जाऊन येऊन. व्हिडिओ लावला. चाक फिरतंय, फिरतंय, थोडं चित्र, पुन्हा चाक. आणि आवाज असा फुल्ल सोडलेला की म्हशी माना वळवून बघायला लागल्या. बिचारीला काय माहीत आवाज चालू आहे! गयाबाई म्हणाली, "मला वाटायचं शाळंतली पोरं अशीच वरडत्यात." आवाज बंद केला. तेवढंच वाचलं.

मग मी माझं नेहमीचं औषध काढलं. चित्राचा दर्जा अगदी खाली आणला. कमी दर्जाचं चित्र हलकं असतं, पटकन येतं, बॅटरी वाचते. सगळ्या गिऱ्हाइकांना मी हेच देतो आणि सगळी खूश असतात. व्हिडिओ झरझर चालायला लागला. मी ऐटीत फोन सुरेखाच्या हातात दिला.

तिनं बघितलं, डोळे बारीक केले, फोन जवळ नेला, लांब नेला. मग तो परत माझ्यापुढं धरला. स्वतःच्या हाताची पाच बोटं फाकवून दाखवली, आणि मूठ मिटली. मी पडद्यावर नीट बघितलं. तेजूच्या हातांच्या जागी दोन पुसट गोळे हलत होते. बोटंच दिसत नव्हती. आपल्याला चेहरा ओळखू आला की भागतं, आवाज तर येतच असतो. तिचा सगळा शब्द बोटांत. मी बॅटरी वाचवली होती आणि पोरीचं बोलणं पुसून टाकलं होतं. दर्जा परत वर नेला.

आता पुढं काय, असा मी कपाळाला हात लावून बसलो. हातात फोन होता. तापला होता. मी तो सहज गालाला लावून बघितला, किती तापलाय म्हणून.

सुरेखा टुणकन उठली. तिनं माझ्याकडं बोट केलं, मग फोन घेऊन स्वतःच्या गालाला लावला, पालथा पंजा कपाळावर ठेवला, आणि बोट वर केलं. या वेळी मी बोटाच्या दिशेनं बघितलं. घरामागं माळ चढत गेला होता आणि वर एक लिंबाचं झाड, खाली शेंदूर फासलेला म्हसोबा. पुन्हा तिनं फोन गालाला लावला आणि मान हलवली, नाही.

अय्यो! इथं फोन तापतो. तिथं वर तापत नाही. पोळ्यानंतर पहिल्यांदा दुकानात आली तेव्हाच ती हे सांगत होती. रोग कुठला, आणि तो कुठं नाही, दोन्ही तिनं सांगितलं होतं, सावकाश, दोनदा. आणि मी, खलीलचाचाचा चेला, हसून मान डोलावून पेचकस उचलला होता.

आम्ही तिघं माळ चढलो. म्हसोबापाशी पोचलो आणि दांड्या चार. फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर नेटवर्कचा खरा आकडा दिसतो, तोही बघितला. झकास. मधली डोंगराची सोंड इथं आड येत नव्हती, लांबवर हायवेकडचा टॉवर सरळ दिसत होता. घरापाशी जो व्हिडिओ रडतखडत यायचा तो इथं डोळ्याची पापणी लवायच्या आत आला.

पण सुरेखाला दिवसभर माळावर बसता येणार नाही, खाली म्हशी, शेळ्या, चूल. आणि ती व्हिडिओ वीसदा बघणार. शाळेच्या पानावरून वीसदा बघायचा म्हणजे वीसदा टॉवरकडून आणायचा. म्हणजे एकदाच वर येऊन फोनमध्ये उतरवून घ्यायचा, फोनचं बोलणं विमान मोडवर बंद करायचं, आणि खाली जाऊन पाहिजे तितक्या वेळा बघायचा. आपला व्हिडिओही खालीच काढून ठेवायचा आणि वर येऊन एकदम पाठवायचा. मला हे कळत होतं, पण तिला सांगू कसं? विमान मोडची खूण काय करायची? मी दोन्ही हात पसरून विमान केलं, तर ती घाबरून सासूकडं बघायला लागली.

खाली आलो. विहिरीजवळ बादली भरलेली होती. मी तांब्या घेतला, बादलीतून भरला, चालत घराच्या दारापर्यंत गेलो, पाणी रांजणात ओतलं, परत आलो. पुन्हा तांब्या, पुन्हा दार. तिसऱ्या खेपेला गयाबाई म्हणाली, "अण्णांना ऊन लागलं वाटतं, कांदा आनू का?"

सुरेखा मात्र बघत होती. चौथ्या खेपेला तिनं माझ्या हातातला तांब्या हिसकला, बाजूला ठेवला, घागर उचलून कमरेवर घेतली आणि हसली. मग माळाकडं बोट, फोनकडं बोट, घागरीवर थाप. एकदाच भरून आणायची. घागर भरली की विहिरीकडं बघायचं काम नाही. बटण कुठलं दाबायचं ते मी एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. माझ्या दुकानात शिकलेसवरलेले लोक तीन-तीनदा विचारतात.

त्याच दुपारी तिनं व्हिडिओ काढला आणि स्वतः माळावर जाऊन पाठवला. संध्याकाळी काकूंचा मला निरोप आला, 'बघितला. आज अर्धी भाकरी खाल्ली. पण रुसलेली आहे, उत्तर द्यायला तयार नाही.' शनिवारी एक भाकरी. उत्तर नाहीच.

रविवारी मी पुन्हा वस्तीवर गेलो. दत्ता आला होता, गाडी दारात तयार, सीटवर घोंगडं बांधलेलं, पोरीला बसायला. आम्ही चौघं माळावर. थेट बोलायचं म्हणजे उतरवून घेणं नाही, साठवणं नाही, तेवढा वेळ फोनला राबावंच लागतं. म्हणून बॅटरी दोन दिवस राखून ठेवली होती. पडद्याचा उजेड कमी करता यावा म्हणून मी आणि दत्तानं घोंगडं सोडून आणलं आणि सुरेखाच्या डोक्यावर दोन्हीकडनं धरून सावली केली.

दहा वाजता तेजू दिसली. फुगलेली. हाताची घडी घातलेली. सुरेखा हातानं बोलत होती आणि ती नुसती बघत होती. मग तिनं घडी सोडली आणि एकच खूण केली.

"कुठं होतीस, म्हणती," दत्ता हळूच म्हणाला.

सुरेखाचे हात थांबले. सासूकडं बोट दाखवायचं तिच्या जिवावर आलं असावं. तेवढ्यात गयाबाई घोंगड्याखाली घुसली, फोनपुढं तोंड आणलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. "माजं चुकलं गं बाय. म्या लपवला. कनगीत घातला." पोरीला ऐकू येत नाही हे म्हातारीला ठाऊक होतं, पण तिला बोलल्याशिवाय राहवत नाही. मग एकदम तिनं माझी बंडी धरली आणि मलाही आत ओढलं. "आन् ह्यांनी सांगितलं मला! ह्यांची पाटी! धरा की कान, बगता काय!"

धरले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, म्हसोबासमोर, एका हातात घोंगड्याचं टोक आणि दुसऱ्या हातात स्वतःचा कान. म्हातारी म्हणाली, दोन्ही धरा. मी घोंगडं सोडून दोन्ही धरले. घोंगडं सगळ्यांच्या डोक्यावर पडलं.

ते बाजूला करून बघतो तर पडद्यावर पोरगी हसत होती. पोट धरून हसत होती. मग तिचे हात सुटले आणि थांबेनात. नवी खूण, आणखी एक नवी खूण, मैत्रिणीला ओढून आणलं, तिची ओळख, वहीतलं चित्र. दत्ताला निम्मं कळत नव्हतं. सुरेखाला सगळं कळत होतं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिनं एकदाही ते पुसलं नाही. तिचे दोन्ही हात बोलण्यात गुंतले होते.

शेवटी काकू समोर आल्या. "राहू द्या हिला," म्हणाल्या. "आत्ता मला सांगितलं तिनं, पिशवी कपाटात ठेवली म्हणून." बॅटरी अजून निम्म्यावर होती. फोन गालाला लावून बघितला, गार.

दत्ता गाडी घेऊन ढोकीला परत गेला, एकटाच.

पाटीची जागा भिंतीवर अजून पांढरी दिसते. तिथं दुसरं काही लावलेलं नाही. बॅटरीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आता आधी विचारतो, फोन कुठं बसून बघता, काय बघता, कशासाठी बघता. लोकांना वाटतं, अण्णा म्हातारे झाले, चौकशा वाढल्या. निम्म्या वेळा फोन उघडावाच लागत नाही, धंद्याला ते बरं नाही, पण असू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत तेजू आली तेव्हा दत्ता तिला दुकानात घेऊन आला. त्यानं सांगितलं, ह्या पोरांच्यात प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं, ते पोरंच ठेवतात. गयाबाईचं नाव कणगीचं झाकण दाबून लावणं. आणि माझं? पोरीनं स्वतःचा कान धरून दाखवला. मी दत्ताला म्हटलं, बदलून मिळेल का विचार. त्यानं विचारलं. तेजूनं जोरात मान हलवली, नाही. एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही म्हणे.

सुट्टी संपली तेव्हा ती आईबरोबर धाराशिवच्या एस्टीत चढली. गाडी माझ्या दुकानासमोरून वळली, आणि खिडकीतून तिनं मला बघितलं आणि कान धरला. मीही दारात येऊन कान धरला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा राहिलो.

"काय अण्णा," टपरीवाला ओरडला, "काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही रे," मी म्हटलं. "नाव सांगतोय."